जिवाणूंच्या पेशीतला लोहसाठा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकात बॅक्टेरियोफेरिटिन या प्रथिनावर, म्हणजे जिवाणू ज्याच्या पोकळीत लोह साठवतात त्या प्रथिनावर, पानभर मजकूर छापला होता. त्यावर खान्देशातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न येथे घेतले आहेत. कॉलेजचे प्रश्न आहेत, केळीच्या बागेतले आहेत आणि दवाखान्यातलेही आहेत. लोह किती आहे यापेक्षा ते कोणत्या रूपात आहे, हा मुद्दा बहुतेक उत्तरांत पुन्हा येईल, कारण या विषयाचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न : बॅक्टेरियोफेरिटिन म्हणजे जिवाणूची धान्याची कणगी, असे आम्हाला वर्गात सांगितले. पण जिवाणूला लोह साठवायची गरजच काय? लागेल तेव्हा बाहेरून का घेत नाही? (बी.एस्सी. विद्यार्थिनी, अमळनेर)

उत्तर : बाहेर लोह भरपूर असते, पण हाती लागत नाही. हवेच्या संपर्कात लोह फेरिक, म्हणजे गंजलेल्या, रूपात जाते, आणि सामू ७ च्या आसपास मोकळ्या फेरिक लोहाची विद्राव्यता दहाचा उणे अठरावा घात मोलर (मोलर हे संहती मोजण्याचे एकक) इतकी नगण्य असते. जिवाणूची गरज मात्र मायक्रोमोलरच्या घरात असते. म्हणून जिवाणू सिडेरोफोर नावाचे छोटे रेणू बाहेर सोडतात. हे रेणू फेरिक लोहाला घट्ट धरतात आणि जिवाणू ती जोडी आत ओढून घेतो. या कामात बरीच ऊर्जा खर्च होते, म्हणून लोह मिळेल तेव्हा घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरते.

आत घेतल्यावर दुसरी अडचण सुरू होते. पेशीत लोह फेरस, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जास्त असलेल्या, रूपात असते. ते विरघळते आणि एन्झाइमांना सहज मिळते, पण मोकळे राहिले तर घातक ठरते. श्वसनातून तयार होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची गाठ पडली की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. ही फेंटन अभिक्रिया. हा रॅडिकल डीएनए, मेद, प्रथिने, समोर येईल त्यावर तुटून पडतो. म्हणजे फेरिक रूपात लोह निरुपयोगी आणि फेरस रूपात धोकादायक. या दोन रूपांमधली ये-जा ताब्यात ठेवणे हे बॅक्टेरियोफेरिटिनचे खरे काम आहे.

कणगीची उपमा इथवरच चालते. कणगीत ज्वारी टाकली तर ज्वारीच निघते. बॅक्टेरियोफेरिटिनमध्ये फेरस लोह जाते, आत फेरिक खनिज होऊन बसते आणि बाहेर पडताना पुन्हा फेरस होते. दोन्ही वेळा रासायनिक बदल होतो आणि तो प्रथिनातल्या ठरलेल्या जागीच होतो.

आता त्या जागा पाहू. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या बॅक्टेरियोफेरिटिनचा एक उपघटक, म्हणजे प्रथिनाची एक साखळी, १५८ अमिनो आम्लांचा आणि सुमारे १८,५०० डाल्टन वजनाचा असतो. चार लांब हेलिक्सची, म्हणजे मळसूत्री पिळांची, जुडी आणि टोकाला एक छोटी पाचवी हेलिक्स, अशी त्याची घडण. असे २४ उपघटक एकत्र येऊन पोकळ गोल तयार होतो. बाहेरचा व्यास सुमारे १२ नॅनोमीटर, आतल्या पोकळीचा सुमारे ८. प्रत्येक उपघटकाच्या जुडीच्या मध्यभागी फेरोक्सिडेज केंद्र असते. तिथे चार ग्लुटामेट आणि दोन हिस्टिडिन ही अमिनो आम्ले मिळून लोहाचे दोन अणू शेजारी शेजारी धरतात. येथे फेरसचे फेरिक होते. ऑक्सिजनशी पहिली गाठ पडल्यावर पेरॉक्साइड तयार होतो, आणि ई. कोलायच्या बॅक्टेरियोफेरिटिनमध्ये तोही याच केंद्रात लोहाच्या पुढच्या जोडीसाठी वापरला जातो. त्यामुळे एका ऑक्सिजन रेणूमागे चार फेरस अणूंचा हिशेब बसतो आणि फेंटनला कच्चा माल उरत नाही.

पोकळीत २,७०० अणूंपर्यंत लोह मावते. ८ नॅनोमीटरच्या गोलाचे आकारमान काढून भागाकार केला तर ही संहती सुमारे १७ मोलर येते. दहाचा उणे अठरावा घात आणि १७ या दोन आकड्यांतले अंतर पाहिले की हे प्रथिन काय साधते ते कळते. आतले खनिज फेरिक ऑक्सिहायड्रॉक्साइडचे असते. जिवाणूंच्या खनिजात फॉस्फेटही बरेच असते, म्हणून ते प्राण्यांच्या फेरिटिनमधल्या खनिजापेक्षा कमी स्फटिकमय असते.

प्रश्न : लेखात हीमचा उल्लेख होता. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये हीम ऑक्सिजन धरते. इथे त्याचे काय काम? (वाचक, भुसावळ)

उत्तर : हीम म्हणजे मध्यभागी लोह असलेला चपटा रेणू. ऑक्सिजन धरण्याशी इथल्या हीमचा संबंध नाही. दोन उपघटक जिथे जोडीने टेकतात त्या फटीत एक हीम बसते. २४ उपघटकांच्या १२ जोड्या, म्हणून पूर्ण गोलात १२ हीम. हीममधल्या लोहाला दोन्ही बाजूंनी एकेक मेथिओनिन हे अमिनो आम्ल धरते, ई. कोलायमध्ये क्रमांक ५२ चे. दोन्हीकडे मेथिओनिन असणे फार दुर्मीळ. लोहाच्या दोन्ही बाजू अशा व्यापलेल्या, मग ऑक्सिजनला चिकटायला जागा कुठली?

मेथिओनिन ५२ बदलून हीम नसलेले प्रथिन तयार केले तरी ते लोह आत घेते आणि खनिजही बनवते. म्हणजे आवक हीमशिवाय चालते. हीम लागते जावकीला.

स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूत ही जावक सर्वांत नीट उलगडली आहे. बीएफडी नावाचे छोटे प्रथिन असते, त्यात दोन लोह आणि दोन गंधक अणूंचा गुच्छ असतो. लोहाचा तुटवडा झाला की पेशी ते मोठ्या प्रमाणात तयार करते. ते गोलाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, बरोबर हीमच्या डोक्यावर येऊन बसते. एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूकडचे इलेक्ट्रॉन एका रिडक्टेज एन्झाइममार्फत बीएफडीकडे, तिथून हीमकडे आणि हीममधून पोकळीतल्या खनिजाकडे जातात. फेरिकचे फेरस होते, ते विरघळते आणि बाहेर पडते. हीमच्या प्रोपिओनेट शेपट्या पोकळीच्या दिशेने असतात, हे या मार्गाला साजेसेच आहे. या दोन प्रथिनांच्या जोडीची स्फटिकरचना २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गोलावर अशा १२ जागा असतात.

बीएफडीचे जनुक काढून टाकले तर काय होते, ते मुद्दाम सांगतो. बॅक्टेरियोफेरिटिनमध्ये लोह साचत जाते, बाहेर येत नाही, आणि पेशीद्रव्यात लोहाचा दुष्काळ पडतो. साठा भरलेला आणि पेशी उपाशी. म्हणूनच बीएफडीला हीमवर बसू न देणारे छोटे रेणू औषध म्हणून उपयोगी पडतील का, यावर संशोधन सुरू आहे. स्यूडोमोनास अनेक अँटिबायोटिकांना दाद देत नाही, त्यामुळे या वाटेकडे आशेने पाहावे असे आम्हाला वाटते.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी या प्रथिनाची प्रतिकृती करायची आहे. २४ चेंडू चिकटवून पाहिले, पण गोल नीट होत नाही. (माध्यमिक शिक्षक, शहादा)

उत्तर : चेंडू सोडा, पुठ्ठा घ्या. या प्रथिनाचा आकार १२ समभुज चौकोनांच्या घनाकृतीशी चांगला जुळतो. एक चौकोन म्हणजे उपघटकांची एक जोडी.

जाड पुठ्ठ्याचे १२ समभुज चौकोन कापा. आखूड कर्ण १० सेंटीमीटर, लांब कर्ण १४.१ सेंटीमीटर. कर्ण आधी आखले की बाजू आपोआप ८.७ सेंटीमीटरची येते. टोकाचे कोन ७०.५ अंशांचे आणि बाजूचे १०९.५ अंशांचे होतात. कर्णांचे प्रमाण चुकले तर शेवटचे दोन चौकोन काही केल्या बसत नाहीत, म्हणून एक चौकोन काटेकोर करून तोच साचा म्हणून वापरा.

जोडताना नियम दोनच. टोकदार कोन चार-चार एकत्र आणा, बोथट कोन तीन-तीन. टोकदार आणि बोथट कोन एका बिंदूत आले की समजा चुकले. पूर्ण झाल्यावर चार चौकोनांचे ६ कोपरे आणि तीन चौकोनांचे ८ कोपरे मोजून घ्या. खऱ्या प्रथिनातही चार उपघटकांच्या भेटीची ६ आणि तीन उपघटकांच्या भेटीची ८ छिद्रे असतात. त्याशिवाय बॅक्टेरियोफेरिटिनमध्ये २४ जास्तीची छिद्रे असतात, तीही हवी तर पेनने दाखवा.

आता प्रत्येक चौकोनाचे दोन उपघटक करायचे. चौकोन टोक वर करून धरा. वरच्या डाव्या बाजूचा मध्यबिंदू आणि खालच्या उजव्या बाजूचा मध्यबिंदू रेघेने जोडा. दोन्ही भाग वेगळ्या रंगांनी रंगवा. प्रत्येक भागाकडे एक टोकदार आणि एक बोथट कोपरा येईल, तसाच यायला हवा. ही रेघ बाराही चौकोनांवर बाहेरच्या अंगाने एकाच दिशेने आखा. एखाद्यावर उलट आखली गेली तर तो उपघटक आरशातला झाला, आणि प्रथिनात आरशातला उपघटक नसतो. प्रदर्शनात परीक्षकाने नेमके हेच विचारले तर विद्यार्थ्याला उत्तर देता आले पाहिजे.

चौकोनाच्या मध्यावर या रेघेतच छोटी चीर पाडून लाल पुठ्ठ्याची चकती उभी खोचा. ते हीम. चकतीचा बराचसा भाग आतल्या बाजूला राहू द्या. समोरासमोरच्या चौकोनांतले अंतर १४ सेंटीमीटर येते, म्हणून १२ नॅनोमीटरच्या हिशेबाने आतली पोकळी साधारण ९ सेंटीमीटरची दाखवावी लागेल. तेवढ्या मापाचा तपकिरी रंगवलेला गोळा आत ठेवा आणि एक चौकोन दारासारखा उघडता येईल असा चिकटपट्टीने लावा. लाल चकत्या गोळ्याला टेकत असतील तर त्या थोड्या कापा.

प्रश्न : फेरिटिन, बॅक्टेरियोफेरिटिन आणि डीपीएस यांत गोंधळ होतो. फरक थोडक्यात सांगा. (विद्यार्थी, चोपडा)

उत्तर : जिवाणूंचे फेरिटिनही २४ उपघटकांचेच असते, पण त्यात हीम नसते. ई. कोलायमध्ये लोहाचा मुख्य साठा याच्याकडे असतो. साल्मोनेलात मात्र ते काम प्रामुख्याने बॅक्टेरियोफेरिटिन करते. म्हणून एका जिवाणूचे निष्कर्ष दुसऱ्याला सरसकट लावू नका. डीपीएस हे जिवाणूंचे याच कुळातले छोटे प्रथिन, १२ उपघटकांचे असते. व्यास सुमारे ९ नॅनोमीटर, आत सुमारे ५०० अणू मावतात, आणि फेरोक्सिडेज केंद्र एका उपघटकात नसून दोघांच्या मधे असते. ते ऑक्सिजनऐवजी मुख्यतः पेरॉक्साइड वापरते. त्यामुळे लोह आणि पेरॉक्साइड हे फेंटनचे दोन्ही भिडू एकदमच निकालात निघतात. ई. कोलायचे डीपीएस उपासमारीच्या काळात डीएनएला चिकटून त्याचे रक्षणही करते. साठवण हे त्याचे दुय्यम काम समजावे.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी शुद्ध केलेल्या बॅक्टेरियोफेरिटिनमध्ये लोह भरते आहे. ३४० नॅनोमीटरचे रीडिंग छान चढते, पण द्रावण गढूळ होऊन तपकिरी गाळ बसतो आणि नेटिव्ह जेलवर निळी पट्टी येत नाही. कुठे चुकते? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर : लोह प्रथिनाच्या आत जाण्याऐवजी बाहेरच गंजते आहे. ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशाचे शोषण मोजले की फेरिक लोह दिसते, पण ते आत आहे की बाहेर हे त्या रीडिंगला कळत नाही. म्हणून चढत्या आलेखावर विसंबू नका.

पहिला संशयित बफर. तुम्ही कोणता वापरला ते पत्रात नाही. फॉस्फेट असेल तर लोह फॉस्फेटचा साका धरणारच. सामू ७.५ च्या पुढे असेल तर फेरस लोह प्रथिनाची वाट न पाहता हवेनेच ऑक्सिडाइझ होते. सामू एकाने वाढला की हा वेग जवळजवळ शंभरपट होतो. ०.१ मोलर एमईएस बफर, सामू ६.५ घ्या.

दुसरे, लोहाचे द्रावण. मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) ३९.२ मिलिग्रॅम घ्या आणि १० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. म्हणजे १० मिलिमोलर झाले. ते पाणी आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू २ च्या आसपास आणलेले असावे आणि त्यातून अर्धा तास नायट्रोजन सोडलेला असावा. द्रावण त्याच दिवशी करा आणि बूच घट्ट ठेवा. पिवळसर झाक दिसली की फेकून द्या, कारण तेवढे लोह आधीच फेरिक झाले आहे आणि ते गाळातच जाणार.

तिसरे, मात्रा. ०.५ मायक्रोमोलर प्रथिन, म्हणजे मिलिलिटरला सुमारे ०.२२ मिलिग्रॅम, घेतले असे धरू. २४ उपघटकांत प्रत्येकी दोन अणू म्हणजे ४८ अणूंनी सगळी केंद्रे भरतात. एक मिलिलिटरसाठी हे २.४ मायक्रोलिटर होतात. ही पहिली मात्रा द्या आणि वेगाने येणारी पहिली चढण संपू द्या. त्यानंतर प्रत्येक वेळी प्रथिनामागे ४०० अणू, म्हणजे २० मायक्रोलिटर. आलेख सपाट झाल्याशिवाय पुढची मात्रा नाही. दोन हजार अणू एकदम ओतले तर गढूळपणा ठरलेला.

चौथी गोष्ट ऑक्सिजनची. २५ अंशांना हवेने संपृक्त पाण्यात ऑक्सिजन सुमारे ०.२५ मिलिमोलर असतो. चारास एक या हिशेबाने ४०० अणूंची एक मात्रा ०.०५ मिलिमोलर ऑक्सिजन खाते. बंद क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या छोट्या पात्रात, पाच मात्रांत तो संपतो. मग लोह फेरसच राहते, आणि नंतर झाकण उघडले की सगळे एकदम बाहेर गंजते. प्रत्येक मात्रेनंतर तोंड उघडून क्युव्हेट हलकेच उलटीसुलटी करा, फेस येऊ देऊ नका. एप्रिल-मेमध्ये जळगावच्या खोलीतल्या तापमानावर हा प्रयोग करूच नका. उष्ण पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि बाहेरचे गंजणे वाढते. क्युव्हेट होल्डर २५ अंशांवर बांधून ठेवा.

भरणे झाल्यावर द्रावण १०,००० जी ला दहा मिनिटे फिरवा आणि सेफाडेक्स जी-२५ च्या छोट्या कॉलममधून काढा. म्हणजे बाहेरचे सुटे लोह मागे राहते. मगच जेलवर चढवा. निळ्या रंगासाठी २ टक्के पोटॅशियम फेरोसायनाइड आणि २ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल आयत्या वेळी समप्रमाणात मिसळा. शेजारी तसाच दुसरा जेल कूमासी या प्रथिनांच्या रंगाने रंगवा. दोन्ही पट्ट्या एकाच उंचीवर आल्या तरच लोह प्रथिनात आहे असे म्हणता येईल.

नेमकी संख्या हवी असेल तर फेरोझीन, म्हणजे फेरस लोहाशी जांभळा रंग देणारे रसायन. नमुना आम्लात गरम करून प्रथिन मोडा, एस्कॉर्बिक आम्लाने सगळे लोह फेरस करा, अमोनियम ॲसिटेटने सामू ४ च्या वर आणा आणि मग फेरोझीन घाला. सामू वर न आणता घातले तर जांभळा रंग फुलत नाही आणि लोह कमी असल्याचा भास होतो. ५६२ नॅनोमीटरला मोलर शोषकता २७,९०० धरा. ०.५६ रीडिंग म्हणजे २० मायक्रोमोलर लोह. अंतिम द्रावणात प्रथिन ०.०२ मायक्रोमोलर असेल तर रेणूमागे १,००० अणू.

शेवटी हीमही तपासा. ऑक्सिडाइझ्ड रूपात ४१८ ला उंच शिखर दिसते. चिमूटभर डायथिओनाइट हे इलेक्ट्रॉन देणारे रसायन घातले की ते ४२५ कडे सरकते आणि ५२७ व ५५७ ला दोन छोटी शिखरे उगवतात. ई. कोलायमध्ये जास्त प्रमाणात प्रथिन बनवून घेतले तर पेशीची हीम बनवण्याची क्षमता कमी पडते आणि १२ पैकी बऱ्याच जागा रिकाम्या राहतात. वाढीच्या माध्यमात डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल आणि थोडे लोह घातल्याने फरक पडतो. लोह भरण्याच्या प्रयोगाला हे अडत नाही, लोह सोडवण्याच्या प्रयोगाला मात्र नक्की अडेल. शुद्धीकरणात ६५ अंशांवर १५ मिनिटे तापवण्याची पायरी नसेल तर ती घ्या. बरीचशी इतर प्रथिने साकळून तळाशी बसतात आणि बॅक्टेरियोफेरिटिन वर द्रावणात टिकते.

प्रश्न : ॲझोटोबॅक्टरमध्ये लोहाचा साठा असतो असे वाचले. केळीची पाने पिवळी पडताहेत, लोहाची कमतरता आहे असे सांगतात. ॲझोटोबॅक्टर जास्त सोडले तर लोह मिळेल का? (केळी उत्पादक, रावेर)

उत्तर : ॲझोटोबॅक्टरमध्ये साठा असतो हे खरे. या जिवाणूत पूर्वीपासून माहीत असलेले एक सायटोक्रोम (हीम असलेले प्रथिन) म्हणजेच बॅक्टेरियोफेरिटिन, हे स्टीफेल आणि वॅट यांनी १९७९ मध्ये दाखवले. हवेतला नत्र बांधणाऱ्या नायट्रोजिनेजच्या मुख्य प्रथिनात लोहाचे ३० अणू आणि जोडीदार प्रथिनात ४ अणू लागतात, म्हणून या जिवाणूची लोहाची भूक मोठी. पण तो साठा त्याच्या स्वतःसाठी.

हिशेबच करू. चांगल्या द्रवरूप जिवाणू खतात मिलिलिटरला दहा कोटी पेशी, म्हणजे लिटरला शंभर अब्ज. पेशीमागे दहा लाख लोह अणू धरले तरी एका लिटरमधले सगळे लोह दहा मायक्रोग्रॅमसुद्धा भरत नाही. एक ग्रॅम हिराकसात (फेरस सल्फेटमध्ये) यापेक्षा वीस हजार पटीने जास्त लोह असते. ॲझोटोबॅक्टर नत्रासाठी वापरा, लोहासाठी त्यावर पैसे घालू नका.

तुमच्या जमिनीत लोह कमी नाही. हेक्टरच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरात शेकडा ३ लोह धरले तरी ते ६७ टन होते. पण चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत सामू ८ च्या वर असला की ते फेरिक रूपात कुलूपबंद राहते. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल आणि पाणी साचत असेल तर आणखी बिकट. माती परीक्षणात डीटीपीए पद्धतीचा आकडा किलोला ४.५ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता समजतात.

आधी पान ओळखा. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र, तिथे लोह फवारून उपयोग नाही.

लोहच असेल तर १० लिटर पाण्यात आधी १० ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा आणि मग ५० ग्रॅम हिराकस. उलट क्रमाने केले तर बोअरच्या पाण्यातच लोह तपकिरी होऊन बसते. हिराकस हिरवट खड्यांचा हवा. पिवळट तपकिरी भुकटी झालेला घेऊ नका, तो फेरिक झाला आहे. द्रावण लगेच वापरा, संध्याकाळी फवारा, आधी पाच-सहा झाडांवर करून दोन दिवस पान करपते का पाहा. नव्या पानावर हिरवेपणा आला नाही तर १०-१२ दिवसांनी पुन्हा. लोह जुन्या पानातून नव्यात फारसे सरकत नाही, म्हणून एका फवारणीत पुढची सगळी पाने हिरवी होत नाहीत.

ठिबकमधून द्यायचे तर ईडीडीएचए चिलेट, म्हणजे लोहाला पकडून विरघळलेले ठेवणारे संयुग, घ्या. ते महाग आहे, पण सामू ८ च्या जमिनीत टिकते. ईडीटीए चिलेट स्वस्त असले तरी अशा जमिनीत त्यातले लोह लवकर सुटते आणि त्याच्या जागी कॅल्शियम येते. फॉस्फोरिक ॲसिड किंवा विद्राव्य स्फुरद खत आणि हिराकस एका टाकीत कधीही मिसळू नका. वर जळगावच्या विद्यार्थिनीच्या नळीत फॉस्फेटने जे होईल तेच तुमच्या ड्रिपरमध्ये होईल, आणि ड्रिपर चोंदतील.

प्रश्न : रक्तातले फेरिटिन तपासतो त्यात संसर्ग करणाऱ्या जिवाणूचे फेरिटिनही मोजले जाते का? जंतुसंसर्गात आकडा वाढतो तो त्यामुळे का? (लॅब तंत्रज्ञ, धुळे)

उत्तर : नाही. तपासणीतली प्रतिपिंडे मानवी फेरिटिन ओळखतात. जिवाणूंच्या प्रथिनाची घडी सारखी असली तरी अमिनो आम्लांचा क्रम फार वेगळा आहे. संसर्गात शरीर स्वतःच फेरिटिन वाढवते आणि लोह पेशींत लपवते, म्हणजे जंतूंना ते मिळू नये. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दोन सीमा दिल्या: निरोगी व्यक्तीत लिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या खाली आणि संसर्ग किंवा दाह असताना ७० च्या खाली लोहाची कमतरता समजावी. शक्य असेल तेव्हा अहवालात सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी) सोबत द्या, डॉक्टरांना अर्थ लावणे सोपे जाते.

प्रश्न : मुलाला थॅलेसेमिया आहे, वरचेवर रक्त चढवावे लागते. लोह काढण्यासाठी डेफेरॉक्सामिन सुरू आहे. ताप आणि पोटदुखी झाली तर औषध थांबवून लगेच या, असे डॉक्टरांनी बजावले आहे. लोह काढणाऱ्या औषधाचा पोटाशी काय संबंध? (पालक, नंदुरबार)

उत्तर : डॉक्टरांनी योग्य तेच सांगितले आहे, ते काटेकोर पाळा. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि शरीर रोज जेमतेम एक मिलिग्रॅम बाहेर टाकू शकते. म्हणून साचलेले लोह काढावेच लागते आणि औषध स्वतःच्या मनाने बंद करायचे नाही.

पण डेफेरॉक्सामिन हा मुळात एक सिडेरोफोर आहे, स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूकडून मिळणारा. लोह धरलेला हा रेणू शरीराबाहेर जातो, ते आपल्याला हवेच आहे. मात्र यर्सिनिया एंटेरोकोलिटिका नावाच्या आतड्यातल्या जंतूला तो आत ओढून घेता येतो. एरवी लोहासाठी झगडणाऱ्या या जंतूला लोह आयते मिळते आणि साधा पोटाचा संसर्ग रक्तात पसरू शकतो.

म्हणून ताप, पोटदुखी किंवा जुलाब यांपैकी काही झाले तर औषधाचा पंप काढा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मुलाला थॅलेसेमिया आहे आणि डेफेरॉक्सामिन सुरू आहे, हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. रक्ताचा आणि शौचाचा नमुना घेतील तेव्हा यर्सिनियाची शंका आहे असे चिठ्ठीवर लिहून घ्यायला सांगा. हा जंतू २५ ते २८ अंशांवर जास्त चांगला वाढतो, आणि शौचाच्या नमुन्यातून तो वेगळा काढण्यासाठी खास माध्यम लागते. लॅबला आधी माहीत नसेल तर तो हातचा निसटतो.